दलदलीची आठवण
क्राइस्टचर्चमध्ये, भूकंपानंतर सहा वर्षांनी

२०१७ सालच्या मार्च महिन्यात मी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च या शहरात दहा दिवस होतो. माझी भाची तेथे एका बालवाडीत शिकवते. तिच्याकडे राहायचे, थोडे हिंडायचे, एवढाच बेत होता. पहिल्या दिवशी ती मला शहराच्या मुख्य चौकात घेऊन गेली. आपल्याकडे गावाच्या मध्यभागी देऊळ आणि पार असावा तसे तेथे चौकाच्या मध्यभागी कॅथीड्रल आहे. चौकाचे नावही 'कॅथीड्रल स्क्वेअर' असेच आहे.

पण समोर जे दिसले त्याला कॅथीड्रल म्हणणे कठीण होते. पुढची भिंत नव्हतीच. तेथे पोलादी तुळयांचा टेकू दिलेला होता आणि त्यामागे उघडा पडलेला दगडी गाभारा दिसत होता. आत गवत वाढले होते. कबुतरे ये-जा करत होती. उत्तरेच्या बाजूला जेथे ६३ मीटर उंचीचा मनोरा होता तेथे काहीच नव्हते. सभोवती कुंपण होते, आणि कुंपणाबाहेर पर्यटक छायाचित्रे काढत होते.

"सहा वर्षं झाली, अजून असंच?" मी विचारले.

"मामा, हे पाडायचं की बांधायचं, यावर सहा वर्षं भांडण चाललंय," ती म्हणाली. "पण तुम्ही फक्त हेच बघू नका. आजूबाजूला बघा."

मी आजूबाजूला पाहिले. चौकाच्या कडेला मोकळे भूखंड होते. खडी पसरलेली, मोटारी लावलेल्या. मधूनच एखादी कोरी करकरीत काचेची इमारत आणि तिच्या शेजारी पुन्हा मोकळी जागा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात चार नवे दात बसवले आहेत आणि बाकीच्या हिरड्या रिकाम्या आहेत, असे काहीसे ते दृश्य होते. शहराच्या या मध्यवर्ती भागातल्या हजाराहून अधिक इमारती भूकंपानंतर पाडाव्या लागल्या.

त्या दहा दिवसांत एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. न्यूझीलंड हा भूकंपाचा देश. तेथील अभियंते भूकंपरोधक बांधकामात जगात पुढे. मग या शहराला भूकंपाने गाफील कसे पकडले? याचे उत्तर शोधताना मला या शहराचा सगळा इतिहासच उलटा वाचावा लागला.

पाणथळ जागेवरचा चौकोनी नकाशा

इंग्लंडमध्ये १८४८ साली 'कँटरबरी असोसिएशन' नावाची संस्था स्थापन झाली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर इंग्लंडसारखीच, चर्चच्या छायेखालची एक वसाहत वसवायची, हा तिचा हेतू. त्याच वर्षी तेथील माओरी लोकांच्या नाय ताहू या जमातीकडून सरकारने या भागातली अफाट जमीन अवघ्या २,००० पौंडांना लिहून घेतली. जमातीसाठी पुरेशा जमिनी राखून ठेवू, मासे-पक्षी धरण्याच्या त्यांच्या जागा त्यांच्याकडेच राहतील, ही त्या वेळी दिलेली वचने पाळली गेली नाहीत. तो दावा निकालात निघायला १९९८ साल उजाडावे लागले.

ही जमीन कशी होती? पश्चिमेला दक्षिण आल्प्स पर्वत. त्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गोट्यांचे आणि खडीचे सपाट मैदान. ते मैदान जेथे समुद्राला भिडते तेथे वाळू, बारीक गाळ आणि पाणथळ. दक्षिणेला विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकड्या. माओरी लोक या पाणथळ भागात ईल मासे, बदके आणि दोराला उपयोगी पडणारे पात धरायला येत. मधून वाहणाऱ्या वळणावळणाच्या नदीला ते 'ओताकारो' म्हणत. गोऱ्यांनी तिचे नाव 'एव्हन' ठेवले.

१८५० साली एडवर्ड जॉली या मोजणीदाराने या पाणथळावर एक चौकोनी नकाशा आखला. सरळ रस्ते, काटकोनी चौक आणि मध्ये कॅथीड्रलची जागा. तिरकी वळणे घेत जाणारी नदी तेवढी त्या नकाशाला जुमानली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार जहाजांतून सुमारे आठशे वसाहतवाले उतरले. १८५६ साली क्राइस्टचर्च हे न्यूझीलंडमधले पहिले अधिकृत 'शहर' ठरले.

त्याच १८५६ सालचे काही नकाशे आज उपलब्ध आहेत. त्यांत कोठे ओढा आहे, कोठे दलदल, कोठे लव्हाळे, कोठे कोरडे गवत, हे बारकाईने दाखवले आहे. पुढे ओढे बुजवले गेले, चर खणून पाणी काढून दिले गेले, वर घरे आणि बागा आल्या. क्राइस्टचर्च हे 'उद्यानांचे शहर' म्हणून प्रसिद्ध झाले. जुने नकाशे संग्रहात जाऊन पडले. दलदल मात्र कोठेही गेली नव्हती. ती लोकांच्या पायाखाली दीड-दोन मीटरवर होती.

मनोऱ्याची बखर

कॅथीड्रलचा मनोरा हे या शहराचे एक प्रकारचे भूकंपमापक यंत्रच होते. त्याची हकीकत शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे.

न्यूझीलंडमधील वेलिंग्टन या गावाने १८४८ आणि १८५५ सालचे मोठे भूकंप सोसले होते आणि तेथील लोक विटा-दगड सोडून लाकडाकडे वळले होते. क्राइस्टचर्चच्या कॅथीड्रलचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडमधील नामवंत वास्तुशिल्पीचा. त्याच्याही सुरुवातीच्या आराखड्यात लाकडी बांधकाम होते. पण जवळच चांगला दगड मिळाला आणि बेत बदलला. १८६४ साली पाया घातला. १८६९ साली शहराखालीच झालेल्या एका भूकंपाने घरांची धुराडी पाडली. तरी बांधकाम दगडातच चालू राहिले.

१ नोव्हेंबर १८८१ रोजी कॅथीड्रलचे उद्घाटन झाले. महिना-सव्वा महिन्याच्या आत एका भूकंपाने मनोऱ्याच्या टोकाचा एक दगड हलवला. १ सप्टेंबर १८८८ रोजी उत्तरेकडील डोंगरात मोठा भूकंप झाला आणि मनोऱ्याचा वरचा सुमारे आठ मीटरचा भाग कोसळला. तो पुन्हा दगडातच बांधला. १९०१ साली आणखी एका भूकंपाने त्याला पुन्हा इजा केली. तेव्हा कोठे ते टोक लाकडी सांगाड्यावर तांब्याचा पत्रा मढवून केले गेले. तिसऱ्या ठेचेला शहाणपण आले, पण तेही फक्त टोकापुरते. खालचा मनोरा दगडाचाच राहिला.

१८८८ सालच्या भूकंपाने विज्ञानालाही एक देणगी दिली. अलेक्झांडर मॅके हा भूशास्त्रज्ञ भूकंपाच्या जागी पाहणीला गेला. तेथे मेंढपाळांची लांबच लांब सरळ कुंपणे होती. भूकंपानंतर ही कुंपणे एका रेषेवर तुटून दीड ते अडीच मीटर बाजूला सरकलेली त्याला दिसली. भूकंपात जमीन वर-खाली होते एवढेच तोवर लोक मानत. ती भ्रंशरेषेवर आडवी सरकते, याची जगातली ही पहिली नोंद. शेतातल्या कुंपणाने शास्त्रज्ञाला मोजपट्टी पुरवली होती.

एवढे सगळे घडूनही विसाव्या शतकात क्राइस्टचर्चच्या लोकांची समजूत अशी झाली, की मोठा भूकंप व्हायचा तो वेलिंग्टनला किंवा दूर आल्प्सच्या पायथ्याशी. आपले शहर सपाट मैदानावर, भ्रंशरेषांपासून लांब. आपल्याकडे दख्खनच्या पठाराबद्दल १९६७ सालच्या कोयना भूकंपापर्यंत अशीच समजूत होती, हे येथे आठवावे.

मोठा भूकंप आणि लहान भूकंप

४ सप्टेंबर २०१०, पहाटेचे ४ वाजून ३५ मिनिटे. शहराच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर डारफील्ड गावाजवळ ७.१ महत्तेचा भूकंप झाला. खडीच्या थराखाली दडलेली एक भ्रंशरेषा फाटली. तिचा भूशास्त्रज्ञांना पत्ताच नव्हता. शेतातून सुमारे तीस किलोमीटर लांबीची भेग उमटली. कुंपणे, रस्ते, झाडांच्या रांगा काही ठिकाणी चार-पाच मीटर बाजूला सरकल्या. मॅकेने पाहिलेलेच चित्र, सव्वाशे वर्षांनी. शहरात धुराडी पडली, जुन्या दुकानांच्या दर्शनी भिंती रस्त्यावर आल्या. पण पहाटेची वेळ असल्याने रस्ते ओस होते. ढिगाऱ्याखाली एकही माणूस मेला नाही. लोक म्हणाले, सुटलो.

२२ फेब्रुवारी २०११, दुपारचे १२ वाजून ५१ मिनिटे. या वेळी महत्ता ६.२ होती. १८५ माणसे मेली.

येथे थोडे थांबून गणित करू. महत्ता एक अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने सप्टेंबरच्या भूकंपाची ऊर्जा फेब्रुवारीच्या भूकंपाच्या वीस-बावीस पट होती. म्हणजे बावीस पट मोठ्या भूकंपाने कोणाला मारले नाही, आणि त्याच्या मागून आलेल्या लहानाने १८५ जणांना मारले. असे का?

विद्यार्थ्यांना हे समजावताना दिव्याचे उदाहरण उपयोगी पडते. शंभर वॅटचा दिवा अंगणाच्या पलीकडच्या टोकाला असेल तर त्याच्या उजेडात पुस्तक वाचता येत नाही. पंधरा वॅटचा दिवा पुस्तकाच्या वर टांगला तर डोळे दिपतात. दिव्याचे वॅट म्हणजे महत्ता. ती भूकंपागणिक एकच. पुस्तकावर पडणारा उजेड म्हणजे तीव्रता. ती ठिकाणागणिक वेगळी. आपल्या वर्तमानपत्रांत या दोन्हींसाठी सर्रास 'तीव्रता' हा एकच शब्द वापरतात आणि घोटाळा होतो.

फेब्रुवारीच्या भूकंपाचे केंद्र शहराच्या मध्यापासून दहा किलोमीटरच्या आत होते, टेकड्यांच्या पायथ्याशी. खोली फक्त पाच किलोमीटर. हीथकोट खोऱ्यातल्या यंत्राने जमिनीचे उभे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून अधिक नोंदवले. म्हणजे त्या क्षणी जमिनीवरच्या सुट्या वस्तू अक्षरशः हवेत उडाल्या असणार. त्यात दुपारची वेळ. दुकाने, उपाहारगृहे, कचेऱ्या भरलेल्या.

भाची तेव्हा बालवाडीत होती. "आम्ही मुलांना कासवाचा खेळ शिकवतो," तिने सांगितले. "'कासव!' म्हटलं की गुडघ्यांवर बसायचं, डोकं आत घ्यायचं, मानेवर हात. त्या दिवशी मी ओरडायच्या आतच चार-पाच मुलं कासव झाली होती. मी मात्र उभीच राहिले. मला उभं राहताही येत नव्हतं, तरी उभीच."

महत्तेचा प्रश्न निघालाच आहे, तर एक आकडा आपल्या घरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाची महत्ताही ६.२ च होती. तोही उथळ, तोही अनपेक्षित जागी. तेथे आठ ते दहा हजार माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीच्या थराचे जड माळवद, आणि खाली झोपलेली माणसे. भूकंपाचा आकडा तोच. मृतांच्या आकड्यातला फरक मुख्यतः घरांचा होता.

जमीन पातळ होते तेव्हा

फेब्रुवारीच्या त्या दुपारी शहराच्या पूर्व भागात लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. अंगणात, रस्त्यात, घराच्या फरशीतल्या फटींतून करडे पाणी आणि बारीक वाळू उसळून वर येऊ लागली. मोटारी रस्त्यात नाकापर्यंत रुतल्या. जमिनीतल्या मैलापाण्याच्या टाक्या आणि गटारांची भुयारी तोंडे वर तरंगून आली. नदीकाठची जमीन भेगा पडून नदीच्या दिशेने घसरली आणि वरची घरे ताणून फाटली.

याला द्रवीभवन म्हणतात. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एका घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या टबात बारीक वाळू भरा. पृष्ठभागाच्या बोटभर खाली येईल इतके पाणी हळूहळू घाला. वाळूत एक रिकामी झाकणबंद डबी पुरा आणि वर एक वीट उभी ठेवा. वीट छान उभी राहते. आता घमेल्याच्या बाजूवर हाताने भराभर थापट्या मारा. वाळूवर पाणी येते, वीट कलंडून रुतते आणि पुरलेली डबी वर येते.

याचे कारण सोपे आहे. सैल वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलत असतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी असते. हादऱ्याने कण जवळ येऊ पाहतात. पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. त्याचा दाब वाढतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि सगळा भार पाण्यावर येतो. काही वेळ जमीन दाट कढीसारखी वागते. हादरे थांबले, पाणी वर निघून गेले की ती पुन्हा घट्ट होते, पण पहिल्यापेक्षा खालच्या पातळीवर. क्राइस्टचर्चमध्ये काही वस्त्या अर्धा मीटर किंवा त्याहूनही खचल्या. त्यामुळे भूकंप संपल्यावर त्यांना पुराचा धोका सुरू झाला.

रस्त्यांवरून आणि अंगणांतून चार लाख टनांहून अधिक गाळ उचलावा लागला. त्याचा मोठा वाटा कँटरबरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी उचलला. सप्टेंबरच्या भूकंपानंतर त्यांनी स्वतःची एक 'विद्यार्थी सेना' उभारली होती. फावडी आणि ढकलगाड्या घेऊन हजारो मुले गल्लोगल्ली गेली.

मग कोणीतरी १८५६ सालचे नकाशे बाहेर काढले. नदीच्या वळणांलगत आणि बुजवलेल्या ओढ्यांच्या जागी, म्हणजे जेथे मोजणीदारांनी पाणथळ दाखवले होते तेथे, गाळ भरपूर उसळला होता. माणसे विसरली होती, कागद विसरला नव्हता आणि जमीनही विसरली नव्हती.

इमारती वाचल्या, तरी गेल्या

१८५ मृतांपैकी ११५ जण एकाच इमारतीत गेले. ती एका दूरचित्रवाणी केंद्राची सहामजली काँक्रीटची इमारत होती. त्यांत इंग्रजी शिकायला आलेले जपान, चीन आणि इतर देशांतले पुष्कळ तरुण विद्यार्थी होते. आणखी एका कार्यालयीन इमारतीत १८ जण गेले. सुमारे चाळीस जण जुन्या विटा-दगडांच्या भिंती अंगावर पडून मेले. त्यांतले काही रस्त्याने चाललेले होते.

दूरचित्रवाणी केंद्राची इमारत जुनी नव्हती. ती १९८० च्या दशकातली होती. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिले, की तिच्या आराखड्यात दोष होते आणि तो त्या काळच्या नियमांतही बसत नव्हता. परवानगीच मिळायला नको होती. २०१७ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी कोणावरही खटला न भरण्याचा निर्णय घेतला. मृतांच्या नातेवाइकांना तो मान्य झाला नाही.

विशेष म्हणजे काँक्रीटच्या इमारती भूकंपात मोडल्या तरी कोसळू नयेत, याचे शास्त्र ज्यांनी घडवले ते रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले हे दोघे याच शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचा विचार थोडक्यात असा: भूकंपात इमारतीचे काहीतरी मोडणारच. मग काय मोडावे हे आपणच आधी ठरवावे. तुळया वाकू द्याव्यात, खांब वाकू देऊ नयेत. तुळई वाकली तर मजला लोंबतो, पण खांब गेला तर सगळे मजले खाली येतात.

या तत्त्वाने बांधलेल्या बहुतेक इमारतींनी माणसे वाचवली. पण त्या वाकलेल्या तुळया पुन्हा सरळ होत नव्हत्या. इमारती उभ्या होत्या, वापरता येत नव्हत्या. शेवटी त्याही पाडल्या. शहराचा मध्यभाग २०१३ च्या जूनपर्यंत कुंपणाआड बंद होता. म्हणजे शास्त्र यशस्वी झाले आणि शहर तरीही गेले. जीव वाचणे पुरेसे नाही, इमारत दुसऱ्या दिवशी वापरताही आली पाहिजे, हा धडा अभियंत्यांनी येथे घेतला.

त्याची एक वाट आधीच माहीत होती. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर आणि पोलादाच्या थरांचे, मध्ये शिशाचा गाभा असलेले ठोकळे बसवायचे. खाली जमीन हलते, वर इमारत संथ झुलते. हे ठोकळे बिल रॉबिन्सन या न्यूझीलंडच्याच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शोधले. पण २०११ साली सगळ्या दक्षिण बेटावर अशी एकच इमारत होती, क्राइस्टचर्चमधील स्त्रियांचे रुग्णालय. ते भूकंपानंतरही चालू राहिले. गंमत अशी, की २००१ च्या भूकंपानंतर आपल्या भुजमध्ये जे नवे रुग्णालय उभे राहिले, ते याच न्यूझीलंडच्या तंत्राने या ठोकळ्यांवर बसवलेले आहे.

पुठ्ठ्याचे कॅथीड्रल

चौकापासून थोड्या अंतरावर दुसरे एक कॅथीड्रल आहे. त्याचे छत जाड पुठ्ठ्याच्या लांब नळ्यांनी तोलल्यासारखे दिसते, आणि बाजूला मालवाहू जहाजांवरचे लोखंडी कंटेनर रचलेले आहेत. शिगेरू बान या जपानी वास्तुशिल्पीने ते केले आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते उघडले. बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर पुठ्ठ्याच्या नळ्यांची घरे आणि एक चर्च बांधले होते. भुजलाही त्यांनी तशी घरे केली होती. कोबेचे ते तात्पुरते चर्च दहा वर्षे टिकले. मग ते सुटे करून तैवानमधल्या, १९९९ च्या भूकंपात सापडलेल्या एका गावी नेऊन उभे केले. दगडाचे मंदिर पडले आणि कागदाचे समुद्र ओलांडून गेले!

मी तेथे दुपारी बराच वेळ बसलो. छतातून मऊ उजेड येत होता. बाहेर आलो तो समोरच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या रंगाच्या १८५ खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. कोणतीही दुसरीसारखी नव्हती. आरामखुर्ची, स्वयंपाकघरातले स्टूल, चाकांची खुर्ची, मोटारीत तान्ह्या बाळाला बसवायचे आसन. प्रत्येक मृत माणसासाठी एक. एका स्थानिक कलावंताने २०१२ साली आठवडाभरासाठी त्या मांडल्या होत्या. लोकांनी उचलू दिल्या नाहीत.

लाल पट्टा

शेवटच्या दिवशी भाचीने मला शहराच्या पूर्वेला नेले. ती २००९ साली येथे आली तेव्हा तिकडेच भाड्याच्या घरात राहत असे.

भूकंपानंतर सरकारने जमिनीची तपासणी केली आणि नदीकाठचे पट्टे 'लाल' ठरवले. येथील जमीन दुरुस्त करणे परवडणारे नाही, पुन्हा घरे नकोत. टेकड्यांवरची दरडीखालची घरे धरून अशी सुमारे आठ हजार घरे होती. मालकांना २००७ सालच्या सरकारी मूल्यांकनाने पैसे देऊन ती विकत घेण्यात आली. ज्यांनी विमा उतरवला नव्हता त्यांना फक्त जमिनीची निम्मी किंमत देऊ केली. ते न्यायालयात गेले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला फेरविचार करायला लावला. न्यूझीलंडमध्ये १९४५ पासून सरकारी भूकंप विमा आहे. त्यामुळे शहर भिकेला लागले नाही हे खरे. पण भेग भूकंपाची की जुनी, दुरुस्ती की नवे घर, यावर माणसांची वर्षेच्या वर्षे गेली. सावरणे म्हणजे फक्त बांधकाम नसते. त्यात टपालाची वाट पाहणेही असते.

आम्ही त्या पट्ट्यात शिरलो. रस्ते होते, पदपथ होते, दिव्यांचे काही खांब होते. घर एकही नव्हते. नुसते हिरवे गवत, आणि त्यात विचित्र ओळींनी उभी असलेली झाडे: एक कॅमेलिया, दोन लिंबांची झाडे, गुलाबाचा ताटवा. कुंपण गेले तरी झाडांवरून कळत होते, की एक अंगण येथे संपले आणि दुसरे येथे सुरू झाले. मॅकेने कुंपणांवरून जमीन वाचली. येथे झाडांवरून माणसे वाचता येत होती.

"त्या खालच्या नकाशांचं तुम्ही सांगत होतात ना," भाची म्हणाली. "इथे घर घेणाऱ्या एकाला जरी तो दाखवला असता तर?"

मला उत्तर देता आले नाही. नकाशा कोणी लपवला नव्हता. तो फक्त कोणी मागितला नव्हता.

त्यानंतर बरेच घडले. २०१७ च्या सप्टेंबरात चर्चच्या सभेने कॅथीड्रल पुन्हा उभारायचे ठरवले. काम सुरू झाले, खर्चाचा अंदाज दुपटीच्या वर गेला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पैशांअभावी ते थांबवावे लागले. चौकात २०१८ साली नवे ग्रंथालय उघडले. त्याचे नाव माओरी आहे, 'तुरंगा'. पुनर्बांधणीच्या कायद्यात नाय ताहू जमातीला या वेळी अधिकृत स्थान होते. ज्या पाणथळाचे गुण त्यांना सर्वांत जुने माहीत, त्यांना विचारायला शहराला दीडशे वर्षे लागली.

आपल्या शाळेच्या गावातही असे काही करता येईल. जुन्या मोजणीचा नकाशा मिळवावा, नसल्यास गावातल्या वयस्कर माणसांना मुलांनी विचारावे: ओढा कोठून वाहत होता, तळे कोठे बुजवले, कोणत्या जागेला 'मळी', 'डोह' किंवा 'चिखली' म्हणत? ते आजच्या नकाशावर मुलांनीच रंगवावे. आज तेथे काय उभे आहे, तेही लिहावे. शाळेची इमारत त्यात कोठे येते, हे पाहायला विसरू नये.

निघताना भाचीने एका झाडाखाली गाडी थांबवली. मार्च म्हणजे तेथला शरद ऋतू. झाड सफरचंदांनी लगडले होते. आसपास फळे वेचणारी आणखी दोन-तीन कुटुंबे होती. "आमच्या शेजारच्या आजींचं झाड," ती म्हणाली. तिने पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी ती फळे बालवाडीत नेऊन मुलांना चिरून दिली.